धवल्यामागे धरलेला सूर

बाळाराम, तुझा कीबोर्ड बिघडलेला नव्हता. हे आधी सांगून टाकतो, कारण तुझ्या घरात सगळ्यांनी तसंच धरलं होतं. तुझं तेरावं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणालीचा फोन आला. "काका, पप्पांचा कीबोर्ड गेला वाटतं. लाइट लागते, स्क्रीनवर सगळं दिसतं, पण दाबलं की आवाजच नाय येत." मग जरा थांबून म्हणाली, "मम्मी बोलते, त्यांच्या पाठोपाठ तो पण गेला."

मला हसू आलं रे. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो असेन. तुझ्या लेकीला वाटलं असेल, शिरीषकाकाचं डोकं फिरलं. पण तो का मुका झालाय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता फोन उचलत नव्हता. "हात लावू नकोस, मी येतो," एवढंच बोललो आणि स्कूटर काढली.

खांदा कॉलनीतून बाहेर पडून हायवे ओलांडला तेवढं आठवतं. त्यापुढचा रस्ता मी झोपेत केल्यासारखा केला. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर रांग लावून उभे होते, ड्रायव्हर खाली उतरून आपापल्या गाडीच्या सावलीत बसले होते. ऊन असं पडलं होतं की काहीच हलत नव्हतं. तुझ्या गावच्या फाट्यावर सवयीने थांबलो आणि मोबाइल काढला, "आलोय, चहा टाकायला सांग" असं तुला कळवायला. तुझं नाव समोर आलं तेव्हा भानावर आलो. नंबर तसाच ठेवलाय. काढणार नाही, उगाच कुणी सांगायला येऊ नये.

कीबोर्ड तुझ्या ओटीवरच होता, खिडकीखाली, त्या गंजक्या स्टँडवर. वहिनींनी त्याच्यावर जुनी साडी पांघरली होती. मी साडी काढली, बटण चालू केलं, पट्टी दाबली. नुसती प्लॅस्टिकची टकटक. शेजारी प्रणाली श्वास रोखून उभी. मी मेनूत शिरायच्या आधी जरा तसाच बसून राहिलो, कारण ते सेटिंग तुझ्या बोटाने केलेलं होतं आणि ते बदलणं माझ्या जिवावर आलं होतं.

तुला ती केबलची दुपार आठवते का? तू कुठूनतरी ती तार मागवली होतीस आणि कंटेनर यार्डातली ड्युटी संपवून, घरून कीबोर्ड उचलून माझ्याकडे आला होतास, अंगावर अजून कंपनीचं जाकीट. तारेच्या एका टोकाला कॉम्प्युटरचं चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या, आणि प्रत्येक शेपटीला पाच पिनांचं गोल तोंड. एकीवर इन लिहिलेलं, दुसरीवर आउट. तुझ्या कीबोर्डच्या पाठीलाही तशीच दोन गोल भोकं, मिडी इन आणि मिडी आउट. तू छाती काढून म्हणालास, "इनमधी इन, आउटमधी आउट. येवढं तर वाचता येतं मना." आणि मी, पोरांना कॉम्प्युटर शिकवून पोट भरणारा माणूस, मीही मान डोलावली.

मग काय, संध्याकाळपर्यंत आपण दोघं त्या मशीनची मनधरणी करत बसलो. मी कॉम्प्युटर चारदा बंद करून चालू केला. तू पिनांवर फुंकर मारलीस. तू तर म्हणालास, की तारेला माझ्या घरचं पाणी मानवत नाही. शेवटी डब्यातला कागदाचा चिटोरा मी भिंगाखाली धरून वाचला तेव्हा उजेड पडला. एकाचं आउट दुसऱ्याच्या इनमध्ये जायला हवं. बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी नको का? आपण तोंडाला तोंड आणि कानाला कान लावून ठेवला होता. शेपट्यांची अदलाबदल केली आणि तू एक पट्टी दाबलीस, तशी माझ्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ उमटली. तू दचकून हात मागे घेतलास. "मंग आदी का नाय बोल्लास?" माझ्यावरच डाफरलास.

त्या दिवशी मी तुला समजावून सांगितलं होतं की या तारेतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच जातं. आवाज कीबोर्डाच्या पोटात आहे, तो तिथेच राहतो. तू बराच वेळ त्या रेघांकडे बघत होतास. मग म्हणालास, "मंजे माजी बोटं जातात. गानं हितंच रातं." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. तेव्हा मी घाईत होतो, क्लासची मुलं खाली येऊन थांबली होती. तू किती बरोबर बोललास ते मला आत्ता कळतंय.

मग दुसरी कटकट सुरू झाली. एक दाबलं की दोन वाजायचं. तुझी पट्टी एकदा कीबोर्ड स्वतः वाजवायचा आणि तीच खबर कॉम्प्युटरकडे जाऊन उलटी आली की पुन्हा एकदा वाजवायचा. तू म्हणायचास, कुणीतरी चिडवतंय मागनं. त्यावर उपाय म्हणजे मेनूतलं लोकल नावाचं कलम बंद करायचं. ते बंद केलं की पट्ट्यांचा आणि पोटातल्या आवाजाचा थेट संबंध तुटतो. दाबलेलं आधी कॉम्प्युटरकडे जातं आणि तिथून परत आलं तरच वाजतं. दोनदा वाजणं थांबलं, पण तुला ते मुळीच पटलं नाही. "माजा हात, माजाच बाजा, आन इचारायचं तुज्या मशीनला?" पण रेकॉर्डिंगला बसलं की दर वेळी मेनूत शिरून ते बंद करायचा तुला कंटाळा. शेवटी लग्नसराईला अवकाश होता तेव्हा तू ते कायमचंच बंद करून टाकलंस. उघडला की तसाच उघडू दे म्हणालास. आणि त्यानंतर ते पुन्हा चालू करायची वेळ तुझ्यावर आलीच नाही. कीबोर्डाला कोण सांगणार, की आता विचारून वाजायची गरज नाही?

असो. हळदीच्या गाण्यांवरून आपण किती भांडलो, त्याचा हिशेब नको. तू ढोलकीचा ठोका पट्ट्यांवर वाजवून द्यायचास, आणि मी घरी बसून एकेक ठोका उचलून सरळ रेषेवर ठेवायचो. तू ऐकलंस की तोंड वाकडं. "इस्त्री मारलीस," म्हणायचास. अरे, मांडवात अख्खं गाव नाचणार असेल तर ठोका जागच्या जागी पडायलाच हवा! इथे मी बरोबर होतो आणि आजही तेच म्हणतो. तू हे कधी मान्य केलं नाहीस आणि आता करणारही नाहीस, तेव्हा तो वाद मी जिंकलो असं धरून चालतो. बोल काय बोलायचं ते.

पण धवल्याचा वाद वेगळा होता. आमच्या कॉलनीत मला लोक विचारतात, धवला म्हणजे काय. मी सांगतो, तुमच्या लग्नात भटजी लागतो, बाळारामच्या गावी त्याच्या आधी धवलारीण लागते. म्हातारी जाणती बाई असते. ती एका जागी बसून लग्नातला एकेक विधी गाऊन लावते. वाद्य नाही, ठोका नाही, माइक नाही. तुझी यमुनामावशी गावातली धवलारीण. तू तिच्या मांडीवर झोपून ते गाणं ऐकलेलं. आणि जन्मभर लोकांच्या हळदीत धांगडधिंगा वाजवून झाल्यावर तुझ्या मनाने घेतलं, की प्रणालीच्या हळदीला मावशीच्या धवल्यामागे तुझा सूर असावा.

मावशीने तुला उभं केलं नाही. "धवल्याला वाजाप कशाला रं? देव काय बहिरा हाय?"

"वाजाप नाय मावशे. नुसता सूर धरतो. तू चालायची, मी मागं."

"माज्या फुडं गेलास त उठून जाईन. मांडव बगनार नाय, पावनं बगनार नाय."

"नाय जानार."

ती रेकॉर्डिंगची दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कधीकधी वाटतं, ती अजून संपलेलीच नाही, मीच कुठेतरी मधे उठून घरी आलोय. मावशी भिंतीला टेकून चटईवर, पाय लांब केलेले. तू खिडकीखाली, बनियनवर. मी दाराशी मांडीवर लॅपटॉप घेऊन. खाडीकडून वारा यायचा आणि वाळत घातलेल्या लुगड्याची सावली जमिनीवरून सरकत मावशीच्या पायांपर्यंत जायची, परत फिरायची. ती गायला लागली आणि तू डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्यास. तो आवाज तू निवडून ठेवला होतास, पट्टी दाबून ठेवली तर न विरणारा, खालून नुसता पसरत राहणारा. तिची ओळ संपली की उजव्या हाताने दोनचार सुरांचं छोटंसं उत्तर, आणि पुन्हा नुसतं धरून राहणं.

आणि मावशी थांबायची रे! ओळीच्या मधेच थांबायची. श्वासाला थांबायची. मशेरी लावायला थांबली. कोंबडी ओटीवर चढली, तिला हाकलायला थांबली. या ओळीवर अमकीची हळद लागली होती हे सांगायला थांबली. आणि तू तेवढा वेळ त्या तीन पट्ट्या धरून. माझ्या स्क्रीनवर रेघ लांबत लांबत बाहेर गेली. मी खुसफुसलो, "बाळ्या, सोड ना, किती धरतोस?" तू उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलंस, डावा हलवला नाहीस.

तिचा आवाज आपण रेकॉर्ड केलाच नाही. मी माइक आणला होता, तूच नको म्हणालास. "तिचा आवाज ती सोता आनंल हलदीला." मावशी उठून गेल्यावर मी म्हटलं, मग तुझाही हात तू स्वतः आणशीलच की, फाइल कशाला हवी? तर तू हसलास आणि दोन्ही तळवे पुढे केलेस. "बाप हाय ना मी पोरीचा. हलद कोन लावंल? तवा हात पिवले असतील माजे." म्हणून तुला ती फाइल हवी होती. हळदीच्या वेळी कॉम्प्युटरने तुझी बोटं परत कीबोर्डाकडे पाठवायची, कीबोर्डाने सूर धरायचा, आणि तू दोन्ही हात मोकळे ठेवून लेकीसमोर बसायचं.

मला ते फार आवडलं होतं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण आपली दोस्ती शाळेपासूनची, एकमेकांचं कौतुक करायची पद्धतच नाही. मी आपला लगेच कामाचं बोललो. म्हटलं, "कॉम्प्युटर थांबत नाही, बाळ्या. तू थांबतोस. त्या दिवशी मावशीने श्वास लांबवला तर फाइल तिला सोडून पुढे जाईल. त्यापेक्षा मी सगळं सरळ करतो, मोजून मापून, आणि मावशीला त्यावर गायला सांगू."

"मावशी नाय बदलायची."

"मग काय करायचं?"

"तुज्या मशीनला थांबायला शिकव."

"मशीन शिकत नसतं रे."

"मंग तू शीक." आणि वर म्हणालास, "बगू आयतवारी."

तो रविवार आला. तुझ्या अंगणात माणसं होती, आणि मी त्यांच्यात चप्पल काढून उभा होतो.

तर सांगत काय होतो, मी मेनूत शिरलो आणि लोकल चालू केलं. "दाब आता," प्रणालीला म्हटलं. तिने दाबलं. तुझाच निवडलेला आवाज होता अजून, तो खालून पसरत आला. पोरीने चटका बसल्यासारखा हात काढला. वहिनी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच आत गेल्या.

मग प्रणालीने मला सांगितलं. भावकी बसली होती. लग्नाची तारीख पुढे ढकलायची नाही असं ठरलं, पुढे ढकललं तर मग वर्षं जातील. पण डीजे नाही, बँड नाही, हळद दुपारीच लावायची, आणि फक्त धवला. "काका, हळदीला पप्पाच वाजवतील ना? तुम्ही बोलला होतात पप्पांना, फाइल हाय म्हणून." तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली तेव्हा मला मावशीची अट आठवली. फाइल मावशीच्या पुढे गेली, तर मावशी उठून जाणार. ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. मग धवला अर्धा, हळद अर्धी, आणि पोरीला आयुष्यभर वाटत राहणार की पप्पांच्या वाजवण्यानेच मोडता घातला. आणि फाइल लावलीच नाही, तर तू नाहीसच.

त्यानंतरच्या दुपारी मी क्लास बंद ठेवून तुझ्याबरोबर काढल्या. खिडक्या लावून पंखा सोडायचा आणि फाइल लावायची. माझ्याकडे तुझा कीबोर्ड नव्हता, दुसरा होता, पण बोटं तुझीच. तुझी उजवी करंगळी प्रत्येक वेळी जरा जास्त जोरात पडते. यार्डातल्या दारात चेमटली होती तेव्हापासून तिला अंदाज राहिला नव्हता, आणि ते मशीनने इमानाने लिहून ठेवलंय. तू सूर सोडताना तीनही बोटं एकदम उचलत नाहीस. मधलं मागे रेंगाळतं. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसलो, मला हे कधी दिसलं नव्हतं. डोळे मिटले की तू खोलीत असायचास, बनियनवर, पाठ माझ्याकडे करून. उघडले की नुसत्या रेघा.

एकदा मी फाइलची नक्कल करून ती सरळ केलीच. एक बटण दाबलं आणि सगळ्या रेघा मुकाट्याने जागेवर जाऊन बसल्या. ऐकलं. सूर बरोबर, वेळ बरोबर, आणि समोर कुणीच नाही. ती कुणासाठी वाजतेय तेच कळेना. मग तुझी मूळ फाइल पुन्हा लावली, आणि पहिल्या लांब रेघेला मावशीने घेतलेला श्वास ऐकू आला. म्हणजे तो फाइलमध्ये नाही. तिचं एक अक्षर त्यात नाही. पण तू जिथे धरून बसलायस तिथे ती गातेय, थांबतेय, मशेरी लावतेय, कोंबडीला शिव्या देतेय. मी त्या दुपारी तुला मोठ्याने "बरं बाबा" म्हटलं, आणि नक्कल पुसून टाकली.

हळदीच्या दिवशी मी सकाळीच आलो. शेपट्या नीट बघून लावल्या, आउट इनमध्ये, इन आउटमध्ये, दोनदा तपासलं. तुझ्या अंगणात छोटासा मांडव, बायका हळू आवाजात बोलत होत्या. कीबोर्ड ओटीवर त्याच जागी, त्याच्या मागे तुझं स्टूल रिकामं. मी खाली जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसलो. मावशी आली, तिला दोघींनी हात धरून बसवलं. तिने आधी स्टुलाकडे बघितलं, मग त्या स्टुलालाच दम दिला, "मागं रा हां."

मी बटण दाबलं, आणि तू सूर धरलास.

कुठून सांगू तुला? ती पहिली ओळ गायली, तू मागे. दुसरी गायली, तू उत्तर दिलंस. प्रणालीच्या हातांना, गालांना हळद लागत होती, तुझ्या जागी तुझा धाकटा भाऊ बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी हळदीच्या वाटीत पडत होतं. ऊन मांडवाच्या कापडातून गाळून खाली आलं होतं आणि सगळ्यांच्या अंगावर पिवळं पिवळं झालं होतं. मला मधेच कळेनासं झालं, की ही हळदीची दुपार आहे की ती रेकॉर्डिंगची. एका ओळीवर मावशी मधेच थांबली. आता फाइल पुढे जाणार! पण गेली नाही. तिथे त्या दिवशी तिने मशेरी लावली होती. तेवढ्या वेळात आज तिने पदराने डोळे पुसले आणि पुढची ओळ घेतली. तू धरून होतास. मावशीने मान वळवून तुझ्या स्टुलाकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही. हसली म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

शेवटाकडे धवलारीण घरातल्या गेलेल्या माणसांना हळदीला बोलावते. एकेकाचं नाव घेऊन. तुझा पणजा, तुझा आजा, तुझी आजी, पाळण्यातच गेलेला तुझा थोरला भाऊ. प्रत्येक नावानंतर तू तेच छोटंसं उत्तर वाजवलं होतंस, जणू तेच दारातून हो म्हणत आले. चौघं आले. चौथ्यानंतर तुझ्या बोटांनी वळण घेतलं आणि पुढच्या ओळीचा सूर धरला, जसा त्या दुपारी धरला होतास.

मावशीने हात वर केला.

"थांबव त्याला."

"मावशी?"

"थांबव. आजून एक नाव हाय."

मी बटण दाबलं. सूर तुटला. मांडवात एकदम इतकं शांत झालं की लांब फाट्यावर गिअर बदलणारा कंटेनर ऐकू आला. मी त्या लॅपटॉपकडे बघत राहिलो. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या दुपारी ती फाइल ऐकली, रेघ न् रेघ पाठ केली, आणि माझ्या डोक्यात आलं नाही, की तिच्यात तुझ्यासाठी जागा नाही. तू कशी ठेवणार होतास?

सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, आणि मला वाजवता येत नाही हे तुझ्या अख्ख्या गावाला माहीत. मी उठलो. तुझ्या स्टुलावर बसलो. त्या तीन पट्ट्या मला कानाने कधीच सापडल्या नसत्या, पण डोळ्यांनी मी त्या ओळखत होतो, एकीखाली एक असलेल्या तीन रेघा. मी डाव्या हाताची तीन बोटं ठेवली आणि दाबली. वाजलं. न विरणारा तो तुझा आवाज, खालून पसरत निघाला.

मावशीने डोळे मिटले. "बाळाराम," तिने सूर लावला, आणि नाव लांबवत नेलं, आणि मधेच तिचा आवाज बंद झाला. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. वहिनींनी मान खाली घातली. प्रणाली आपल्या पिवळ्या तळव्यांकडे बघत बसली होती. माझी बोटं दुखायला लागली, खांद्यापर्यंत कळ गेली. मी पट्ट्या धरून बसलो. घड्याळ समोर भिंतीवर होतं, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि मनात मोजलंही नाही. किती वेळ गेला ते मला खरंच माहीत नाही.

मग मावशीने श्वास घेतला. "हलदीला ये रं लेकरा," म्हणून ओळ पुरी केली. त्यानंतर मी बोटं उचलली.